सदतीस नंबरची खुंटी

नोव्हेंबर. ताम्पेरेत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
हॉटेलच्या जिन्याखाली माझं राज्य:
एकशेवीस खुंट्या, पितळी बिल्ले, एक लाकडी फळी,
फळीवर बशी. कोटाला पाच मार्क.

बत्तीस वर्षं लोकांचे कोट हातावर घेते आहे.
वजनावरून माणूस कळतो.
कागद-गिरणीच्या मॅनेजरचा जड, अस्तर उसवलेलं.
वकीलबाईंचा हलका, खिशात खोकल्याच्या गोळ्या.
त्या दिवशी एक राखाडी कोट आला, कोरा करकरीत,
आणि हलवून पाहिला तरी
खिशात काही म्हणजे काही वाजेना.
त्याला मी सदतीस नंबर दिला.

वर व्यापारी मंडळाचं जेवण:
साल्मनचं सूप, राईचा काळा पाव, लोणी.
वाफेनं प्रोजेक्टरची काच धुरकटते
म्हणून दार अर्धं उघडं,
म्हणून मला सगळं ऐकू आलं.

हेलसिंकीहून आलेले हाक्काराइनेन सांगत होते,
नखाएवढ्या चिपमध्ये पाकीट मावेल.
पार्किंग, टेलिफोन, बस, वर्तमानपत्र,
कुठेच मोड शोधायला नको.
आणि पुढे तर पडद्यावरच बाजार भरेल,
घरबसल्या बूट, घरबसल्या पुस्तकं.
चिल्लर, ते म्हणाले, ही एक जुनी खोड आहे.
चमचे थांबले. कुणीतरी हसलं.
मी बशीतली नाणी उगीचच सारखी केली.

"कार्ड हरवलं तर?" वकीलबाईंचा आवाज.
"पाकीट हरवल्यासारखंच."
"आणि कुणी कुणाला किती दिले, ते?"
"त्याची नोंद राहील. पै-पैची."
मुलांसाठी खाऊ शेवटी खिशातून काढावा
तसं त्यांनी हे काढलं.

नोंद.
मला ऑल्लीचे वीस मार्क आठवले.
जुलै महिना, अंगात कोट नाही, टोपीसुद्धा नाही,
आत आला, बशीत नोट ठेवली, निघून गेला.
का, ते त्यानं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
कुठल्या रकान्यात भरणार हे?

जेवण उरकलं. जिन्यावर रांग.
बशीत पडत होती पाच-पाच मार्कांची नाणी,
सैमा सरोवराचा सील एकावर एक आदळत,
जाड आवाजात.
सगळ्यांत शेवटी हाक्काराइनेन.
विजारीचे खिसे चाचपले, जाकिटाचे चाचपले,
परत विजारीचे.
"सकाळपासून मुद्दामच रोकड घेतली नाही," म्हणाले,
"प्रयोग म्हणून."
कान लालबुंद. गाडीला वीस मिनिटं.
कार्ड पुढे केलं.
मी बशीकडे पाहिलं. बशीला खाच नसते.

सोडून दिले असते पाच मार्क, कुणाचं काय जाणार होतं?
पण माणूस इतका ओशाळला होता
की सोडणं म्हणजे भीक घातल्यासारखं झालं असतं.
"गहाण ठेवा," मी म्हणाले.
कार्डाला गळ्यात अडकवायचं भोक होतं.
कोट दिला, कार्ड सदतीस नंबरला टांगलं.
बिल्ला त्यांच्याकडेच राहू दिला.
रीत म्हणजे रीत.

आठवड्यानं पाकीट आलं, टपालानं.
पुठ्ठ्याला चिकटपट्टीनं डकवलेलं एक नाणं,
शेजारी माझा बिल्ला.
वरचं तिकीटच दोन मार्क ऐंशीचं.
आत एक ओळ: फिटलं. कार्ड तुम्हालाच,
त्यात अजून चाळीस मार्क आहेत.

आमच्या गावात ते घेणारं दुकान
अजून उघडायचं आहे.
मी काही घाईत नाही.

सकाळी ऑल्लीच्या गाडीची काच गोठलेली असते.
कार्डाची कड बरी आहे, वाकत नाही.
मी खरवडते, तो इंजिन तापवत बसतो,
आणि चाळीस मार्क बर्फावरून जातात
खर्र, खर्र.
म्हणजे वाजतात तर.